मेनूकार्डावरचा ‘जैन’ आणि मंगळूरचं ताट



दिवाळी आटोपली की सांगली, कोल्हापूर, इचलकरंजी, बेळगाव या भागातून दक्षिणेच्या यात्रांना बसगाड्या सुटू लागतात. श्रवणबेळगोळ, धर्मस्थळ, वेणूर, कारकळ, मूडबिद्री असं करत शेवटचा एक-दीड दिवस मंगळूरला. समुद्र बघायचा, थोडे काजू घ्यायचे आणि परत. या दिवसांत नात्यातल्या, ओळखीतल्या बायका मला एकच प्रश्न विचारतात, “मंगळूरला जैन खाणं कुठं मिळतं गं? तिकडं म्हणे सगळीकडं मासेच.”

माझं उत्तर पुष्कळ जणींना आवडत नाही. मी सांगते, ज्या हॉटेलच्या पाटीवर ‘जैन फूड’ लिहिलंय तिथं जाऊच नका. त्या गावात आपलं खाणं भरपूर आहे, पण ते त्या पाटीखाली नाही.

हे मी तिरकसपणानं म्हणत नाही. मेनूकार्डावरच्या त्या शब्दानं आपल्या घरांचं काय केलंय ते बघा. माझ्या भाच्याला विचारलं, जैन म्हणजे काय रे, तर तो म्हणाला, “कांदा-लसूण-बटाटा नको.” बारा वर्षांचा मुलगा. त्याची चूक नाही. त्यानं हा शब्द देवळापेक्षा हॉटेलात जास्त वेळा वाचलाय. जैन मंचुरियन, जैन पिझ्झा, जैन पावभाजी. त्यात रात्र झाली का हा प्रश्न नाही, पाणी गाळलं का हा नाही, पीठ कधीचं हा नाही, कडधान्यात कच्चं दही पडलं का हा तर नाहीच. वांगं चालतं का, फ्लॉवर चालतो का, हेही कुणी विचारत नाही. तीन वस्तू काढल्या की झालं जैन! आपला सगळा विवेक आपण वेटरच्या वहीतल्या एका खुणेवर सोपवून मोकळे झालोय.

दोन वर्षांपूर्वी आमच्या यात्रेत सत्तरी ओलांडलेल्या एक आजी होत्या. रात्रिभोजन-त्याग लग्नाआधीपासूनचा. मंगळूरच्या दिवशी संयोजकांनी संध्याकाळ समुद्रावर घालवली आणि साडेआठला एका मोठ्या हॉटेलात नेलं. आजींनी बसमध्ये सूर्य असताना दोन केळी खाल्ली होती, पाणी प्यायल्या होत्या, आणि त्यावर त्या शांत होत्या. संयोजक मेनूकार्ड घेऊन त्यांच्याजवळ आले आणि कौतुकानं म्हणाले, “आजी, इथं जैन मिळतं की! सांगू का एक पावभाजी?” रात्री साडेआठला! आजी हसल्या, “तुम्ही जेवा बाळांनो” म्हणाल्या. मला मात्र त्या हसण्यानं रात्रभर झोप आली नाही. जैन यात्रेत, जैन संयोजकाच्या हाताखाली, जैन लिहिलेल्या हॉटेलात त्या बसमधली सगळ्यांत नेमाची बाई उपाशी झोपली.

आता कुणी म्हणेल, म्हणूनच आम्ही आचारी आणि शिधा घेऊन जातो. हे दुसरं टोक. बसच्या पोटात गॅसची टाकी, पिठाचे डबे, चिवडा, शंकरपाळी, आठ दिवस पुरतील अशा दशम्या. आणि वर अभिमान, “आम्ही बाहेरचं काही खात नाही.” मग मी त्यांना पिठाची मर्यादा विचारते. आपल्याकडं लहानपणापासून सांगतात, पीठ पावसाळ्यात ३ दिवस, उन्हाळ्यात ५ आणि हिवाळ्यात ७ दिवस. आठ-नऊ दिवसांच्या यात्रेत मंगळूर येतं शेवटी. म्हणजे तिथं आचारी ज्या पिठाच्या पोळ्या लाटतो त्याची मर्यादा केव्हाच संपलेली असते. समुद्रकाठची दमट हवा, बंद डबा, उन्हात तापणारी बस. ते पीठ घरचं आहे एवढंच त्याचं पुण्य. दशम्यांचं तर नावच काढू नका. शोधाचा, म्हणजे बघून-निवडून खाण्याचा, अर्थ ‘आपल्या गावाचं ते शुद्ध’ असा कधीपासून झाला?

मग खायचं काय? आधी हे तर आठवा की तुम्ही कुणाच्या प्रदेशात आलात. मूडबिद्री मंगळूरपासून साधारण ३५ किलोमीटर. तिथली हजार खांबांची बसदी १४३० ची, कारकळचे बाहुबली १४३२ चे, वेणूरचे १६०४ चे. धर्मस्थळचं हेगडे घराणं जैन आहे आणि तिथल्या मंजुनाथाच्या देवळात रोज हजारो लोक पंगतीला बसतात, जात-धर्म न विचारता. मंगळूरला खेटून असलेल्या उल्लाळची राणी अब्बक्का चौटा, जी सोळाव्या शतकात पोर्तुगिजांशी लढली, ती जैन घराण्यातली. षट्खंडागमाची ताडपत्रं मूडबिद्रीनं शतकानुशतकं जपली. त्यांच्या नकला व्हाव्यात म्हणून आपल्या सोलापूरच्या शेठ हिराचंद नेमचंदांनी खटपट केली आणि १९३९ पासून धवला छापून आपल्या हातात पडू लागली. ज्या लोकांनी आपलं शास्त्र वाळवीपासून आणि त्या किनाऱ्यावरच्या पावसापासून वाचवलं, त्यांना स्वयंपाक कसा करायचा हे कळत नसेल? सहाशे वर्षं ते जैनच होते ना, आणि समुद्राजवळच राहत होते ना?

त्यांच्याकडं पाहिलं की समजतं, त्या किनाऱ्याचं साधं तांदूळ-नारळाचं खाणं आपल्या नेमांना किती जवळचं आहे. मैत्रिणींनो, इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण यासाठीच तर तुम्ही विचारता.

नीर दोसा घ्या. नीर म्हणजे पाणी. भिजवलेले तांदूळ, असला तर ओला नारळ, मीठ, आणि ताकाहून पातळ पीठ. वाटलं की लगेच तव्यावर. आंबवणं नाही, उडीद नाही, सोडा नाही. आपल्यातल्या ज्या बायका आंबवलेलं खात नाहीत त्यांना इडली-दोसा वर्ज्य, आणि ‘जैन इडली’ लिहिणाऱ्याला याचा पत्ताही नसतो. पण नीर दोशावर कुणी ‘जैन’ लिहीत नाही, कारण तिथं काढून टाकण्यासारखं काही नसतंच. (तांदूळ किती वेळ भिजले हे कडक नेमवाल्यांनी विचारून घ्यावं.) एकच सांभाळा. सोबतच्या चटणीत आलं किंवा लसूण असू शकतं. म्हणून चटणी नको म्हणा आणि काई-बेल्ला मागा. म्हणजे खवलेला नारळ आणि गूळ. आपल्या मोदकाच्या सारणाची आठवण येते, मुलं तर दुसरं काही मागत नाहीत.

तशीच पुंडी. तांदळाच्या कण्या आणि नारळ शिजवून त्याचे गोळे वाफवतात. तशाच तांदळाच्या ताज्या शेवया, नारळाच्या गोड दुधासोबत. फणसाच्या पानांच्या द्रोणात वाफवलेली कोट्टे कडुबू दिसायला फार सुंदर, पण ती इडलीचीच बहीण, पीठ आंबवलेलं. मंगळूरचे प्रसिद्ध बन्स म्हणजे केळं, मैदा, दही, आणि कणीक रात्रभर मुरवलेली. गोळीबजे गरम असताना कुणालाही मोह पडेल, पण त्यात दही असतं, आणि बेसन घातलं असेल तर आपला द्विदलाचा प्रश्न उभा राहतो. ज्यांना यातलं जे चालतं त्यांनी ते खावं. प्रत्येकीचा नेम वेगळा आणि तो तिचा तिला ठाऊक. मला फक्त हे दाखवायचंय की हा हिशेब कुठल्याही मेनूकार्डावर होत नाही. तो ज्याचा त्यालाच करावा लागतो.

दुपारच्या पानातही तेच. कोशंबरी म्हणजे भिजवलेली मूगडाळ, काकडी, नारळ. निर्धास्त खा. पण त्याच पानात तंबळी असते, म्हणजे पाला किंवा एखादी वनस्पती वाटून केलेलं दह्याताकाचं थंड कालवण, आणि शेजारी तुरीच्या डाळीचं सार. दोन्ही एका घासात आलं तर द्विदल झालं. एक घ्या, दुसरं सोडा. अळूच्या पानांचे पत्रोडे आपल्या अळूवडीच्या चुलतघरातले. कंद नाही, पान आहे, म्हणून चालतं असं वाटेल. पण ते मुख्यतः पावसाळ्यातलं खाणं, ऐन चातुर्मासातलं, आणि तेव्हा पालेभाजी सोडलेल्या बायकांना त्याचा उपयोग नाही. उडुपीकडचं मट्टू गावचं हिरवं वांगं तर एवढं नावाजलेलं की त्याला भौगोलिक मानांकन मिळालंय. सारात ते सापडलं तर वांगं न खाणाऱ्यांनी बाजूला ठेवावं, नाक मुरडू नये.

उडुपीचा विषय निघालाच आहे तर सांगते. तिथल्या माध्व मठांमध्ये चातुर्मासाचे चार महिने चार व्रतं असतात. एका महिन्यात भाज्या सोडायच्या, एकात दही, एकात दूध आणि एकात द्विदल. हो, द्विदल हाच शब्द! त्यांच्यात त्या महिन्यात डाळी-कडधान्यंच वर्ज्य, आपला नियम कच्च्या दह्या-दुधाशी डाळ मिसळण्याबद्दलचा. कारणं निराळी, शास्त्रं निराळी. पण पानात काय पडतंय याचा इतका बारीक विचार करणारे आपण एकटेच, या आपल्या समजुतीला त्या किनाऱ्यावर सुरुंग लागतो. त्या मठांच्या स्वयंपाकात कांदा-लसूण नसतं. हॉटेलं मात्र वेगळी. ‘उडुपी’ पाटी लावलेल्या हॉटेलातल्या सांबारात कांदा बहुतेक असतोच. म्हणून पाटीवर जाऊ नका, ना ‘उडुपी’ना ‘जैन’. नुसतं शाकाहारी हॉटेल बघा. मंगळूरच्या रथबीदीच्या, म्हणजे कार स्ट्रीटच्या आसपास, वेंकटरमण देवळाच्या भागात, तशी साधी ठिकाणं आहेत. तिथं सामानाची नावं घेऊन विचारा.

आणि विचारायचं कसं? “वी आर जैन” म्हणून नाही. तसं म्हटलं की मालक नम्रपणे मान हलवतो आणि त्याला जे माहीत आहे तेवढंच काढतो. आमच्या सासूबाई चिकोडीकडच्या, घरात अर्धं कानडी. त्यांनी मला शिकवलेलं तुम्हाला देते. ईरुळ्ळी बेडा, कांदा नको. बेळ्ळुळ्ळी बेडा, लसूण नको. आलूगड्डे बेडा, बटाटा नको. गेड्डे-गेणसु बेडा, एकूणच कंद नको. आणि एक खाचखळगा. आपण सुंठ खातो, कारण ती वाळलेली. कानडीत मात्र शुंठी म्हणजे आलं. “सुंठ चालते” असं मराठी-कानडी मिसळून सांगितलंत तर ताकात आलं पडलंच म्हणून समजा. हसी शुंठी बेडा म्हणा, ओलं आलं नको. एवढी पाच वाक्यं बसमध्ये पाठ होतात. अंताक्षरीला तीन तास असतातच ना आपल्याकडं?

पिण्याचं तर तिथं राजवैभव आहे. रस्त्यावर ‘बोंडा’ म्हणून हाक ऐकलीत तर बटाट्याचं काही आलं म्हणून घाबरू नका. तुळू भाषेत बोंडा म्हणजे शहाळं. डोळ्यांदेखत फोडतात, ना बर्फ, ना बाहेरचं पाणी. पुनर्पुळी म्हणजे आपलं कोकम, त्याचं सरबत मागा, बर्फाशिवाय. धणे-जिऱ्याचा कषाय, गूळ-दूध घालून. चहा सोडलेल्या बायकांनी तर तो नक्कीच घ्यावा. ताकाचं वर सांगितलंच. पाण्यासाठी घरचं गाळणं न्या, त्याला वजन नसतं. त्या बाजूला अजून घरोघरी विहिरी आहेत. मूडबिद्रीला उतरलात आणि विहिरीचं पाणी मिळालं तर गाळून घेऊन जिवाणी त्याच विहिरीत परत सोडता येते. नळावर बाटली भरणाऱ्या आपल्या मुलांना हे एकदा तरी डोळ्यांनी बघू द्या. गडबड आइस्क्रीमबद्दल दर वेळी विचारणा होते. त्यातली जेली कशाची आहे हे विचारा आणि समाधानकारक उत्तर मिळालं नाही तर जेली सोडून मागा. तेवढ्याची चर्चा पुरे.

खरी अडचण पदार्थांची नाही, घड्याळाची आहे. डिसेंबरात मंगळूरला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. सूर्यास्ताच्या दोन घडी, म्हणजे ४८ मिनिटं आधी जेवण आटोपायचं तर पाचला ताट समोर हवं. तिथं दुपारचं जेवण तीनपर्यंत संपतं आणि रात्रीचं सातनंतर सुरू होतं. मधल्या वेळात मिळतो तो फराळ, आणि आपल्याला हवा तोही तोच. नीर दोसा, काई-बेल्ला, कषाय. म्हणजे गाव आपल्याला ऐन वेळेवर जेवू घालायला तयार आहे. आपणच त्या वेळी वाळूत फोटो काढत असतो! संयोजकांना मी हे सांगितलं की ते म्हणतात, “ताई, लोकांना सूर्यास्त बघायचा असतो.” बघा की. पण जेवून बघा.

मला नेहमी ऐकवलं जातं, एवढं विचारत बसायला परगावात कुणाला वेळ आहे? पाटी असली तर सोय होते. मान्य आहे, मुंबईत नोकरीला असलेल्या मुलांना तिची सोय झाली, आणि मी त्यांना नावं ठेवत नाही. पण यात्रेला निघालेल्या माणसानं वेळ नाही म्हणावं? चार दिवस तर आपण त्यासाठीच काढलेत. आणि ज्याला विचारायचं त्या आचाऱ्याला, मालकिणीला आपण कशाचा त्रास देत नाही. सामान सांगण्यात त्यांना आनंदच असतो. नारळ किती घातला हे सांगताना कुणी कधी चिडलेलं मी पाहिलं नाही.

आणखी एक बोलायचं राहिलं, तेही कडू आहे. बस मासळीबाजारावरून गेली की आपल्यातल्या काही जणी पदर नाकाला लावतात आणि मोठ्यानं “शी, शी” करतात. खिडक्या उघड्या असतात. बाहेर टोपली घेऊन बसलेली बाई मोगवीर समाजाची असेल, आपल्याच वयाची. तिला मराठी येत नसेल, पण “शी” सगळ्या भाषांत कळतं. राणी अब्बक्काच्या फौजेत हेच मोगवीर कोळी होते असं तिथं सांगतात. एका जैन राणीला ज्यांच्या खांद्याला खांदा लावून लढताना कमीपणा वाटला नाही, त्यांच्यासमोर आपण नाक दाबतो! मासा खाऊ नका. मीही खात नाही, जन्मात खाणार नाही, आणि ज्या हॉटेलात मासा आणि दोसा एकाच स्वयंपाकघरातून येतात तिथं पायही ठेवत नाही. पण वचनाची हिंसा आपल्या प्रतिक्रमणात येते ना? की तीही कांदा-लसणासारखी फक्त ताटातच शोधायची?

मार्गशीर्षात आमच्या गल्लीतून बस निघते आहे. या वेळी मी आधीच जाऊन बसले होते. पणंबूरचा किनारा सकाळी घ्यायला लावलाय. मंगळूरच्या दोन्ही दिवशी पावणेपाचला बस शाकाहारी फराळाच्या ठिकाणी उभी राहील असं वेळापत्रकात लिहून घेतलंय. पिठाचे डबे बंद, आचारी बंद. संयोजक अजून फुरंगटलेत, “काही कमी-जास्त झालं तर तुम्ही बघा” म्हणाले. बघते की. आचाऱ्याची जागा रिकामी झाली तिथं त्या आजींना खिडकीजवळची सीट दिली आहे, आणि त्यांनी फोनवर मला हसी शुंठी बेडा तीनदा म्हणून दाखवलं.